गुडघा दुखतोय? आधी मांडी मोजा: स्नायूंची झीज आणि सांध्यांची झीज एकत्र कशी हाताळायची

गुडघ्याचा एक्स-रे घेऊन आलेली माणसं पहिलं वाक्य जवळपास सारखंच बोलतात: "गॅप कमी झालीय म्हणे." मी फिजिओथेरपिस्ट आहे. एक्स-रे मी बघतेच, पण त्याआधी बाहेर बसलेला माणूस खुर्चीतून उठतो कसा, ते बघते. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रोवायचे, एकदोनदा पुढे झोका घ्यायचा आणि मग श्वास रोखून स्वतःला वर ढकलायचं, असं उठणं दिसलं की माझं लक्ष गुडघ्यावरून मांडीवर जातं. एक्स-रेमध्ये हाडं दिसतात. मांडीचा स्नायू किती उरलाय आणि त्यात किती जोर आहे, हे त्यात कळत नाही. म्हणून त्याच्याबद्दल कुणी फारसं बोलतही नाही.

साठी ओलांडलेल्या एका काकूंची गोष्ट सांगते. उजवा गुडघा दोन वर्षं दुखत होता. मी दोन्ही गुडघ्यांच्या वाटीच्या वरच्या कडेपासून १० सेंटीमीटर वर पेनाने खूण केली आणि त्या खुणेवर टेप फिरवली. डावी मांडी ४४ सेंटीमीटर, उजवी ४१. काकूंनी टेप माझ्या हातातून घेतली आणि स्वतः परत मोजलं. जिना चढताना पहिला पाय डावा, उतरताना भार डाव्यावर, उभं राहतानाही कल डावीकडे, असं दोन वर्षं चाललं होतं. उजव्या मांडीला कामच उरलं नव्हतं.

दोन झिजा, एकच फेरा

वय वाढताना स्नायू आणि त्यांची ताकद कमी होते, त्याला सार्कोपेनिया म्हणतात. आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये हा शब्द मांडला. ग्रीकमध्ये 'सार्क्स' म्हणजे मांस आणि 'पेनिया' म्हणजे उणीव. तिशीनंतर दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद त्याहूनही भराभर उतरते, म्हणून मांडी बघायला ठीकठाक असली तरी जिन्यावर दगा देते. त्यातही झटकन काम करणारे तंतू आधी जातात. ठेच लागल्यावर तोल सावरायला नेमके तेच लागतात.

दुसरी झीज सांध्याची, ऑस्टिओआर्थ्रायटिस. २०१९ मध्ये जगभरात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना हा त्रास होता आणि त्यातले ३६ कोटी ५० लाख गुडघ्याचे रुग्ण होते. यात केवळ कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झिजते असं नाही. कूर्चेखालचं हाड, सांध्याचं अस्तर, अस्थिबंध आणि भोवतालचे स्नायू, सगळंच यात ओढलं जातं.

या दोन्ही झिजा एकमेकींना कशा पोसतात ते नीट समजून घेऊ, कारण पुढचा सगळा व्यायाम त्यावरच बेतलेला आहे.

मांडीच्या पुढचा चार भागांचा मोठा स्नायू म्हणजे क्वाड्रिसेप्स. तो पाय सरळ करतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याचं मोठं काम मात्र ब्रेक लावण्याचं आहे. पायरी उतरताना गुडघा वाकत जातो आणि हा स्नायू ताणला जाता जाता धरून ठेवतो, म्हणून पाऊल अलगद टेकतं. सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीचपट भार येतो आणि जिना उतरताना तो तिपटीच्याही वर जातो. ब्रेक ढिला पडला की तोच भार धपकन सांध्यात उतरतो.

कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. दाबली जाते, सुटते, पुन्हा दाबली जाते, तेव्हा स्पंजसारखं सांध्यातलं द्रव तिच्यात आतबाहेर होतं आणि त्यातून तिला पोषण मिळतं. त्यामुळे "झिजतोय म्हणून वापरूच नका" हा सल्ला तिला उपाशी ठेवतो.

आता उलटी बाजू. गुडघ्यात पाणी साचलं की मज्जासंस्था क्वाड्रिसेप्सला मिळणारा हुकूमच कमी करते. निरोगी गुडघ्यात थोडं सलाइन टोचून हे तपासलं गेलं आहे: दुखणं नसतानाही स्नायू मंदावला. म्हणजे सुजलेल्या गुडघ्याचा माणूस कितीही मनापासून जोर लावो, मांडी पूर्ण आवळतच नाही. याला आळशीपणा म्हणू नका, घरच्यांनी तर अजिबातच नाही.

मग कोण आधी, स्नायू की सांधा? १९९७ च्या एका अभ्यासात एक्स-रेवर झीज दिसत होती पण गुडघा दुखत नव्हता अशा लोकांचेही क्वाड्रिसेप्स कमजोर आढळले. म्हणजे "दुखतं म्हणून हालचाल कमी, म्हणून स्नायू गेले" एवढ्यावर गोष्ट संपत नाही. कमजोरी दुखण्याच्या आधीपासूनही असू शकते. जुनी दुखापत, आनुवंशिकता, पायांची ठेवण आणि वजन यांचाही वाटा असतो. त्यातलं बरंचसं आपल्या हातात नाही, स्नायू मात्र आहे.

आणखी एक फसवं रूप आहे. वजन वाढलेल्या माणसाची मांडी जाड दिसते, पण स्नायूंच्या आत चरबी शिरलेली असते आणि जोर कमी असतो. वर चरबीच्या पेशी दाह वाढवणारे पदार्थ रक्तात सोडतात. अशा व्यक्तीला "तुमचे स्नायू कमी आहेत" असं सांगितलं तर विश्वास बसत नाही. म्हणून डोळ्यांवर जाऊ नका, मोजा.

पहिली पायरी: घरच्या घरी मोजमाप

एक वही घ्या, तारीख टाका.

पाच वेळा उठबस: हात नसलेली, साधारण ४३ ते ४५ सेंटीमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी करून बांधा. बसल्यापासून वेळ लावा, पूर्ण उभं राहा, बसा, आणि पाचव्यांदा पूर्ण उभे राहिलात की घड्याळ थांबवा. सोबत कुणीतरी उभं असू द्या. युरोपीय तज्ज्ञगटाच्या २०१९ मधल्या निकषांनुसार १५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर स्नायूंची ताकद कमी समजतात. आशियाई गटाच्या त्याच वर्षीच्या निकषांत १२ सेकंद किंवा जास्त, ही हालचालीची क्षमता घटल्याची खूण आहे. हातांशिवाय उठताच आलं नाही तर तसंच लिहा. तीही नोंदच आहे.

यात एक खोच आहे. गुडघा दुखत असेल तर उठायला वेळ लागणारच, मग दोष सांध्याचा की स्नायूचा? म्हणून हाताची पकडही बघायची. पकड मोजायचं यंत्र दवाखान्यात मिळेल. आशियाई निकषांत पुरुषांची पकड २८ किलोच्या खाली आणि स्त्रियांची १८ किलोच्या खाली गेली तर ती कमी धरतात. गुडघा दुखतो आणि पकडही ढिली आहे, तर स्नायूंची झीज सगळ्या शरीरभर आहे. पकड उत्तम आणि एकच मांडी बारीक, तर काकूंसारखी बाब: न वापरलेला पाय. बोटांच्या सांध्यांचं दुखणं असेल तर पकडीचा आकडाही कमी येतो, तेवढं ध्यानात असू द्या.

चालणं: सपाट जागेवर ६ मीटर मोजून खुणा करा. नेहमीच्या चालीने ते अंतर कापायला ६ सेकंदांपेक्षा जास्त लागले, तर चालण्याचा वेग सेकंदाला एक मीटरच्या खाली आहे.

पोटरी: बसून, सर्वांत जाड जागी टेप लावा. पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटीमीटरपेक्षा कमी म्हणजे पुढची तपासणी करावी. पायावर सूज असेल तर हा आकडा फसवतो.

काकूंची मोजली तशी दोन्ही मांड्यांचीही नोंद ठेवा.

दुसरी पायरी: आधी कुणाला दाखवायचं

सांधा लाल आणि गरम झालाय व ताप आहे, गुडघा अचानक अडकून बसलाय, पडल्यानंतर पायावर भारच देता येत नाही, एकच पोटरी सुजून दुखतेय, किंवा कारण नसताना वजन उतरतंय, अशा वेळी हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. हृदयविकार असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर व्यायाम सुरू करण्याआधी विचारा. सकाळचा ताठरपणा तासाहून जास्त टिकत असेल आणि दोन्ही हातांचे लहान सांधे सुजत असतील, तर तो वेगळ्या जातीचा संधिवात असू शकतो.

तिसरी पायरी: दुखण्याचा नियम पाठ करा

शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, १० म्हणजे सोसवत नाही. व्यायाम करताना दुखणं ५ पर्यंत गेलं तरी चालतं. अट एवढीच की दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या पातळीवर यायला हवं आणि सूज वाढता कामा नये. सकाळी जास्त दुखलं तर पुढच्या वेळी आवर्तनं, म्हणजे व्यायाम जितक्या वेळा करता ती संख्या, निम्मी करा, व्यायाम बंद करू नका. हा नियम मी कागदावर लिहून देते, कारण "थोडं दुखलं, म्हणजे आणखी झिजलं" या भीतीने जितके लोक व्यायाम सोडतात तितके दुसऱ्या कशानेच सोडत नाहीत. गुडघ्यातून कटकट आवाज येतो पण दुखत नाही आणि सूजही नाही? त्या आवाजाला घाबरायचं कारण नाही.

चौथी पायरी: व्यायाम, आणि तो कसा वाढवायचा

गुडघा सुजलेला असताना सुरुवात आडवं होऊन करा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुंडाळी पलंगात दाबल्यासारखी मांडी आवळा, ५ सेकंद धरा, सोडा. असं १० वेळा, दिवसातून दोनतीनदा. वाटीच्या वर आतल्या बाजूला हात ठेवून बघा. तिथला स्नायू कडक होतोय का? पहिले काही दिवस तो हाताखाली जेमतेम थरथरतो. पूर्वी सांगितलेला तो अडलेला हुकूम हाच. रोज केलं की काही दिवसांत हाताला फरक कळू लागतो.

सूज ओसरली की खरा व्यायाम म्हणजे खुर्चीतून उठणं. यासारखा दुसरा नाही, कारण तो चाचणीही आहे आणि औषधही. खुर्चीवर घट्ट उशा रचून बसायची जागा उंच करा, इतकी की हात न टेकता उठता येईल. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, दोन्हींत खांद्यांइतकं अंतर. नाक पावलांच्या वर येईल इतकं पुढे झुका, मग उठा. बसताना तीनपर्यंत मोजत सावकाश खाली या. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया जातो, कारण ब्रेकची तालीम खाली येतानाच होते. गुडघे आत एकमेकांकडे झुकतायत का, हे समोर आरसा ठेवून बघा. ते पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिले पाहिजेत. आणि भार दोन्ही पायांवर सारखा हवा. दुखऱ्या पायाची माणसं नकळत चांगल्या पायावर उठतात. ते ओळखायचं तर दोन्ही पावलांखाली एकेक वजनकाटा ठेवून बघा, फरक लगेच आकड्यात दिसतो.

८ ते १२ वेळा, मग मिनिटभर विश्रांती, असे दोन ते तीन सेट. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा. शेवटची दोन आवर्तनं कष्टाने व्हायला हवीत. बाराही हसतखेळत झाली तर स्नायूला वाढायचं काही कारण मिळालेलं नाही. व्यायामाच्या लागोपाठच्या दोन दिवशी ठरल्यापेक्षा दोन आवर्तनं जास्त जमली की पुढची पायरी: एक उशी काढा. उशा संपल्या की छातीशी एखादं वजन धरा. त्यानंतर भार हळूहळू कमजोर पायाकडे सरकवा.

याच्या जोडीला चार व्यायाम. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं, हे नितंबांसाठी आणि मांडीच्या मागच्या बाजूसाठी. कुशीवर झोपून वरचा पाय बाजूला उचलणं, हे खुब्याच्या बाहेरच्या स्नायूंसाठी. ते कमजोर असले की चालताना कंबर एका बाजूला झुकते आणि गुडघ्यावरचा भार तिरका होतो. आधार धरून टाचा उचलणं, पोटऱ्यांसाठी. आणि कठड्याला धरून कमी उंचीच्या पायरीवर एक पाय चढवणं, उतरवणं. पायरीचा व्यायाम सर्वांत शेवटी सुरू करा.

श्वास रोखू नका. मोठ्याने आकडे मोजले की तो आपोआप चालू राहतो.

जड वजनच हवं का? २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत गुडघ्याच्या रुग्णांचे गट करून काहींना भारी वजनाचा आणि काहींना हलक्या वजनाचा व्यायाम दिला होता. दीड वर्षानंतर दुखण्यात गटागटांत ठळक फरक दिसला नाही. माझ्या मते याचा अर्थ असा की दुखण्यासाठी जिममधल्या अवजड यंत्रांमागे धावायची गरज नाही. स्नायू वाढवायचा असेल तर मात्र भार स्वतःच्या कुवतीप्रमाणे चढता असायलाच हवा.

आणि "आता या वयात काय स्नायू वाढणार" याला उत्तर १९९० मध्येच मिळालं आहे. ८६ ते ९६ वर्षांच्या १० जणांना ८ आठवडे पायांचा ताकदीचा व्यायाम दिला गेला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

रोज चालता? छान, ते सोडू नका. हृदयाला, सांध्याला, मनाला त्याचा फायदा आहे. पण सपाट रस्त्यावरच्या चालण्याने मांडीची गेलेली ताकद भरून येत नाही, कारण त्यात मांडीला तिच्या कुवतीच्या जवळ जावंच लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांतही आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम, असं दोन्ही सांगितलं आहे. ६५ च्या पुढे त्यात आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याच्या व्यायामाची भर आहे.

पाचवी पायरी: प्रथिनं आणि वजन

उतारवयात स्नायू प्रथिनांना पूर्वीइतका चटकन प्रतिसाद देत नाहीत. म्हणून त्या वयात रोज दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं सुचवली जातात. ६० किलो वजनाला ६० ते ७२ ग्रॅम. अंदाजासाठी: एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८ ग्रॅम, १०० ग्रॅम शिजवलेल्या डाळी-कडधान्यांत ८-९ ग्रॅम, १०० ग्रॅम शिजवलेल्या मासळीत २० ते २५ ग्रॅम. सगळं रात्रीच्या जेवणात कोंबण्यापेक्षा दिवसभरात विभागून घ्या. सर्वांत मोठा खड्डा बहुधा सकाळच्या खाण्यात सापडतो. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

वजन जास्त असेल तर ते उतरवण्याचा लाभ गुडघ्याला चौपट मिळतो. २००५ मधल्या अभ्यासात उतरलेल्या प्रत्येक किलोमागे दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने कमी झालेला दिसला. मात्र नुसतं खाणं तोडून उतरवलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबीखेरीजच्या शरीराचा असतो आणि त्यात स्नायूही जातात. गुडघ्यासाठी वजन घटवायचं आणि त्याच ओघात मांडी गमवायची, हा तोट्याचा सौदा आहे. म्हणून वजन सावकाश उतरवा, प्रथिनं राखा, आणि खुर्चीचा व्यायाम एकही आठवडा चुकवू नका. वजन कमी करणारी इंजेक्शनं घेणाऱ्यांना तर हे दुप्पट लागू आहे.

ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांबद्दल रोज विचारणा होते. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ च्या मार्गदर्शनात गुडघ्यासाठी त्या वापरू नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. काठी मात्र जरूर वापरा, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात.

सहावी पायरी: दुखणं उसळलं तर

उसळणार. महिना छान जाईल आणि एके सकाळी गुडघा फुगलेला असेल. एक-दोन दिवस पायऱ्या आणि उठबस थांबवा, शेक किंवा बर्फ यातलं जे मानवेल ते घ्या, पण टॉवेलची गुंडाळी दाबणं चालू ठेवा. पूर्ण अंथरूण धरू नका. साठीच्या पुढच्या निरोगी स्वयंसेवकांना १० दिवस अंथरुणावर ठेवलं, तर त्यांच्या नुसत्या पायांतून जवळपास एक किलो स्नायूवस्तुमान गेलं. ही निरोगी माणसांची गत आहे.

बारा आठवड्यांनी वही उघडा आणि सगळं परत मोजा. काकूंची उजवी मांडी ४१ वरून ४२ झाली होती, म्हणजे एकच सेंटीमीटर. पण उठबशीला १९ सेकंद लागायचे तिथे १३ लागले. सुरुवातीला ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू स्नायूला जास्त चांगलं कामाला लावतो म्हणून. घेर मागाहून भरतो. काकूंचा एक्स-रे पुन्हा काढलाच नाही. काढला असता तर तो तसाच दिसला असता, आणि त्या आता जिना दोन्ही पायांनी उतरतात.

एवढं करूनही रात्री झोप लागत नसेल, चालणं दिवसेंदिवस आखडत चाललं असेल, तर सांधाबदलाच्या शस्त्रक्रियेबद्दल अस्थिरोगतज्ज्ञांशी बोला. तो पराभव मानू नका. पण शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात त्या पायाच्या क्वाड्रिसेप्सची निम्म्याहून अधिक ताकद जाते, आणि ती जाण्याआधी जितकी साठवता येईल तितकी बरी. तारीख ठरली की त्या दिवसापासून दोन्ही पायांचा व्यायाम नेटाने करा, चांगल्या पायाचाही, कारण नंतरचे काही आठवडे उठणं, बसणं, जिना सगळं त्याच्याच भरवशावर असतं.